गारगोटीचं पीठ

साय-बुलाक, २ ऑक्टोबर २०१६

बुरुल एजे,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी बसवाल्या जापारची पाठ वळू दे. नाहीतर येकातेरिनबुर्गपासून ओशपर्यंत बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला तो ते रंगवून सांगेल, आणि गावात पोचेपर्यंत तू ते फाडून, जाळून, राख माझ्या नावाने उधळलेली असेल.

तू माझा नंबर बंद केलास त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. तक्रार करत नाही. तुझ्या तिलेकच्या फोनवरून आवाज पाठवावा असं मनात आलं होतं. बोलून पाहिलं, मग लावून ऐकलं. सगळा खोकलाच होता, मध्येमध्ये ‘एजे’ एवढं कळत होतं. म्हणून कागद घेतला. कागदावर खोकला येत नाही. शाळेत तू हात धरून गिरवायला लावलंस ते आत्ता कामी येतंय.

बातमी अशी की मामासाली गेला. सोन्याच्या बोगद्यातल्या आम्हा चौघांतला तिसरा. आधी कामची, मग तुझा नवरा सात्तार, म्हणजे माझे जेज्दे, आणि आता हा. शेवटी शेवटी त्याचं वजन एवढं उतरलं होतं की जनाजा उचलणाऱ्यांचा अंदाज चुकला आणि तो एकदम वर गेला.

हवेचं यंत्र तुला आठवत असेल. जेज्द्यांच्या वेळी गावाने वर्गणी काढून आणलेलं. गावात ज्याचं सगळ्यांत वाईट, त्याच्या घरी ते राहतं. मामासालीला पुरून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आनारकान गाढवावर ते घालून माझ्या दारात हजर. मी म्हटलं, “अगं, मला कशाला? मला अजून वेळ आहे.” ती म्हणाली, “या तुझ्या पाच पायऱ्या. चढून दाखव, घेऊन जाते परत.” मी म्हटलं, चहा घे.

काळजी करू नकोस, यंत्र नुसतं कोपऱ्यात आहे. माझी सोनुन त्याच्यावर टॉवेल वाळत घालते. मी बरा आहे.

तिलेक सुखरूप पोचला. रशियावाल्यांनी पाच वर्षांसाठी काळ्या यादीत टाकलं म्हणून आधी आठवडाभर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. आता तुझ्या घराचं छप्पर काढलंय दुरुस्तीला. कामाला वाघ आहे पोरगा, अगदी बापावर गेलाय. संध्याकाळी येतो तो पापण्यांसकट पांढरा होऊन. त्याच्या गुलसानाला दिवस गेलेत, हे त्याने तुला सांगितलं असेलच.

एक काम सांगतो. तिथे दवाखाने चांगले आहेत म्हणतात. छातीचा एक्स-रे काढून घे. काही विशेष नाही. तिथे थंडी फार, तू त्या खानावळीत गरम वाफेतून उठून गारठ्यात जातेस, म्हणून म्हटलं.

तुझा धाकटा भाऊ,
ओरोजमात


२३ ऑक्टोबर

एजे,

जापार सांगत होता, तू पत्र घेतलंस, उघडलं नाहीस, एप्रनच्या खिशात घातलंस आणि भांडी घासायला वळलीस. मी त्याला तीनदा विचारलं, “फाडलं नाही ना?” तो म्हणाला, “एकदा सांगितलं की नाही फाडलं! आता काय शपथ घेऊ?” त्याला सोनुनने ताज्या नानची अख्खी चळत दिली.

खिशात घातलंस म्हणून धीर आला. म्हणून थोडं खरं लिहितो.

यंत्रावर टॉवेल वाळत नाहीत. नळी दिवसरात्र माझ्या नाकात असते. झोपतो बसून, भिंतीला गाद्यांची रास लावून. आडवा झालो की बुडतो. वीज जाते तेव्हा सोनुन खिडक्या उघडते, थंडीतसुद्धा. खिडकीतून हवा आत येते एजे, पण माझ्या आत येत नाही. एक ओळ लिहितो, थांबतो. हे पत्र लिहायला आज तिसरा दिवस.

दुसरं खरं. तिलेक छपरावर नाही.

तो जोल्दोशच्या टोळीबरोबर वर जातो. आमच्याच बोगद्यात. जिथे आम्ही काम सोडलं तिथून त्यांनी पुढे धरलंय. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने हातापाया पडून सांगितलं, आईला कळवू नका, आणि मी ऐकलं. लपवायची सवय लागली की ती आपणहून काम करते.

परवा सकाळी त्याला बसवून घेतला. मी बोललो, तो काय बोलला, जसंच्या तसं लिहितो. तू त्याची आई आहेस, मी नुसता मामा, तायके.

मी म्हटलं, “जेज्दे कशाने गेले, विसरलास?”

म्हणाला, “तायके, तुमच्या वेळी दहा दहा तास आत असायचा तुम्ही. आम्ही सहा करतो. तोंडाला मास्क असतो.”

“कसला मास्क?”

त्याने खिशातून काढून दाखवला. बाजारात रंगारी वापरतात तो. कापडाचा. आतल्या बाजूनेसुद्धा पांढरा झालेला.

मी म्हटलं, “हे पीठ चाळायची चाळण आहे, मास्क नाही.”

तो हसला. मग म्हणाला, “त्या बोगद्यातून तुम्ही चार घरं उभी केलीत. गावात पत्र्याचं हिरवं छप्पर कुणाकडे आहे? तुम्हा चौघांकडे.”

“आणि त्या चार छपरांखाली गडी किती उरलेत ते मोज.”

त्याने मास्क घडी घालून खिशात ठेवला. मग अगदी शांतपणे म्हणाला, “दुसरं काम दाखवा. आज दाखवा, आज जातो. मेंढ्या मोल्दोच्या पोरांकडे, अक्रोडाचं रान वाटून संपलेलं, रशियाचं दार बंद. तुम्ही दाखवा तायके.”

खिडकीतून मी गाव पाहिलं. पंचवीस धुराडी. बोट दाखवायला जागा नव्हती.

तू त्याला फोन कर. छप्पर म्हणून सांगेल, तर सांग की तुला माहीत आहे.

तुझा ओरोज


१४ नोव्हेंबर

एजे,

तू फोन केलास. तिलेक दोन दिवस माझ्याकडे फिरकला नाही, त्यावरून कळलं. तिसऱ्या दिवशी आला, दारातूनच म्हणाला, “चुगलखोर,” आणि सरपण फोडून ठेवून गेला. वर जाणं थांबलेलं नाही.

मला त्याला अडवता येत नाही, कारण ज्या एका गोष्टीने तो अडेल ती मी कुणालाच सांगितलेली नाही. ती आधी तुला सांगायला हवी. सहा दिवस लिहितोय आणि चुलीत घालतोय. सोनुन म्हणते, सरपण वाचतंय.

जेज्द्यांच्या चाळिसाव्याच्या जेवणाला तू सगळ्यांदेखत माझ्यासमोर उभी राहिलीस. म्हणालीस, “माझा नवरा मेला तेव्हा सगळे दचकले. तू एकटा दचकला नाहीस. का रे?” लोकांना वाटलं, दुःखाने बोलतेय. मौलवी म्हणाले, बाईला आत न्या. त्याच आठवड्यात तू गेलीस.

तू बरोबर होतीस. मला माहीत होतं.

२०११ च्या मार्चमध्ये मी ओशला गेलो होतो, आठवतं? भोक पाडायच्या मशीनचे पार्ट आणायला. पार्ट आणलेच, पण चढावर धाप लागायला लागली होती म्हणून छातीचा फोटोही काढला. डॉक्टरीणबाई म्हातारी होती, पांढऱ्या केसांची. फोटो उजेडासमोर धरला आणि आधी मला विचारलं, काम काय करतोस. मी म्हटलं, गारगोटी फोडतो, तिच्यात सोन्याची शीर असते. म्हणाली, “कोरडं भोक पाडता की पाणी मारून?” मी म्हटलं, “आमच्याकडे आठ महिने पाणी गोठतं, बाई.” मग तिने मला शेजारी उभं केलं आणि फोटो दाखवला. काळ्या छातीत पांढरे ठिपके, हिमाला नुकती सुरुवात झाल्यासारखे. म्हणाली, “हे गारगोटीचं पीठ आहे. आत गेलेलं बाहेर येत नाही. औषध नाही. तुझ्याबरोबर अजून कितीजण आहेत?”

“तिघं.”

“तिघांना घेऊन ये. आणि उद्यापासून तिथे पाऊल टाकू नका. तुझं झालं ते झालं, पण त्यांतल्या एखाद्याचं कदाचित अजून थांबेल.”

एजे, तिने हे दोनदा सांगितलं. कागदावर लिहूनही दिलं. तो कागद मी बसमध्ये खिडकीतून सोडून दिला.

त्याच्या दोन आठवडे आधी आम्हाला शीर सापडली होती. अंगठ्याएवढी जाड, डोळ्यांना दिसणारं सोनं. दोन वर्षं उपाशीपोटी दगड कोरल्यावर. मी गावात उतरलो तर तिघं वाट बघत उभे. काय म्हणाली डॉक्टर? मी म्हटलं, “छातीत थंडी बसलीय. अस्वलाची चरबी खा म्हणाली.” कामचीने दुसऱ्याच दिवशी चरबी पैदा केली, चौघांनी खाल्ली. मीही खाल्ली, त्यांच्यासमोर, तोंड वाकडं करून.

वाटलं होतं, एक हिवाळा. एका हिवाळ्यात शीर संपवू, मग सांगू. दोन हिवाळे झाले. मग कामची रक्त ओकला.

कुणी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

आता एक्स-रेचं. थंडीसाठी नव्हे ते. तू दोन हिवाळे आमच्या गिरणीवर चाळण धरलीस. गारगोटी दळून यायची, तू आणि सोनुन ओढणी तोंडाला बांधून ती चाळायचात. तू म्हणायचीस, “बघ, सत्तरीच्या म्हातारीसारखे केस झाले माझे,” आणि झटकायचीस. ते पीठ तेच होतं. सोनुन गेल्या वर्षापासून सकाळी खोकते. मी ऐकतो. ती तोंड उशीत घालून खोकते, म्हणजे मला ऐकू येऊ नये.

काढून घे. काय निघालं ते मला सांगू नकोस, पण काढ.

ओरोजमात


१० डिसेंबर

एजे,

जापारने तुझा प्रश्न आणला. म्हणाला, “तुझ्या बहिणीने पत्र तिथल्या तिथे, उभ्याने वाचलं. मग एप्रन काढला, खुर्चीवर बसली, आणि म्हणाली, ‘त्याला विचार, सात्तारने त्याला एकट्याला गाठून विचारलं होतं का.’”

त्याचं लिहितो. आधी इथलं ऐक.

तुला लिहिलं ते मी तिलेकला सांगितलं. सोनुनलाही, त्याच वेळी. सोनुन पीठ मळत होती. हात न थांबवता ऐकलं तिने. झाल्यावर म्हणाली, “मला चाळण धरायला लावलीस तेव्हा तुला माहीत होतं?” मी म्हटलं, “हो.” तिने कणकेवर कापड टाकलं आणि बाहेर जाऊन गाईजवळ बसली. तासाभराने आत आली आणि भाकरी तंदूरला लावल्या. तेव्हापासून सगळं नेहमीसारखंच करते. जेवण वाढते, नळी नीट करते, माझी पाठ चोळते. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी जेवलो असतो.

तिलेक उभा होता. मला वाटलं मारतो. मारावं असं वाटत होतं. म्हणाला, “म्हणजे बाबा वाचले असते?”

“कदाचित. दोन हिवाळे कमी धूळ गेली असती.”

“कदाचित,” तो म्हणाला. टोपी घातली, आणि गेला. मला वाटलं, संपलं, आता हा वर जाणार नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना जोल्दोशचा ट्रक आला आणि हा मागे चढून बसला. माझ्याच खिडकीसमोरून.

मग मी आनारकानला बोलावलं. म्हटलं, मला वर घेऊन चल. शुक्रवारी टोळी नमाजाला खाली येते, बोगदा मोकळा असतो. ती म्हणाली, “तू पाच पायऱ्या चढत नाहीस.” मी म्हटलं, “गाढवाला पाय आहेत.” तिने मला गाढवावर गोणीसारखा बांधला. यंत्राशिवाय. दर वळणावर थांबून ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, “आहेस?” मी मान हलवायचो. ओठ निळे झालेत म्हणाली. मी म्हटलं, शोभतात का. म्हणाली, “मेल्या, गप.”

बोगद्याच्या तोंडाशी लाकडी चौकट आहे, आम्हीच बसवलेली. डावीकडचा खांब पाचर काढली की सुटतो. पाचर मीच ठोकली होती, कुठे ते मला माहीत. मी जमिनीवर बसून बोट दाखवलं, आनारकानने घण घातला. तिसऱ्या घावाला पाचर उडाली. तिने दोर बांधून गाढवाला हाकललं, खांब निसटला, आणि वरचा सगळा मुरूम खाली बसला. केवढा आवाज! मग नुसती पांढरी धूळ. आनारकानने माझ्या तोंडावर तिचा कोट टाकला, स्वतः तशीच उभी राहिली आणि त्या ढिगाऱ्याला शिव्या देत राहिली. मामासालीचं नाव घेऊन शिव्या. मी कोटाखाली रडलो, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, एक तरी काम नीट झालं.

पाच दिवसांत त्यांनी तोंड मोकळं केलं.

कुणी भांडायला आलं नाही. पोलीस नाही, शिवीगाळ नाही. उलट जोल्दोश स्वतः आला, वाळल्या दह्याच्या कुरुतची पिशवी घेऊन. पिशवी ठेवली आणि दारातच वाकून उभा राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर. पाच पायऱ्या चढून आलेला. छत्तीस वर्षांचा गडी. मी तसा उभा राहायचो, पाच वर्षांपूर्वी. म्हणाला, “ओरोज आका, खांब नवा घातला. आधीचा कुजलाच होता, तुम्ही बरं केलंत.” आणि हसला. त्याच्या हसण्यात शिट्टी वाजते.

ढिगारा उपसायला तिलेक पहिल्या फळीत होता. पाच दिवस ती धूळ. म्हणजे तीही मीच त्याला खायला घातली.

वीज जायची वेळ झाली. प्रश्नाचं पुढच्या पत्रात.

ओरोज


२९ डिसेंबर

एजे,

खिंडीत हिम पडलंय, जापारची बस बंद आहे. तरी लिहून ठेवतो. नंतर हात चालेल असं दिसत नाही.

हो. विचारलं होतं.

‘कुणी पुन्हा विचारलं नाही’ असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं. एवढं सगळं कबूल करूनही ते एक मागे ठेवलं होतं. तू भांड्यांच्या ढिगात बसून नेमकं तेच उचललंस.

ओशहून आल्यावर चौथा दिवस. सकाळी बोगद्याच्या तोंडाशी चहा ठेवला होता. जेज्द्यांनी कामचीला आणि मामासालीला सरपणाला पिटाळलं. मला कळलं, यांना एकटं बोलायचंय. माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, “ओरोज, त्या दोघांना चरबीचं पटलं. मला पटत नाही. मलाही चढावर थांबावं लागतंय. डॉक्टर काय म्हणाली ते मला सांग. वाईट असलं तर माझा चुलतभाऊ मेंढ्या सांभाळायला बोलावतोय, मी जातो. बुरुलला अजून बोललो नाही. तुझ्या तोंडून ऐकलं की ठरवतो.”

असे शब्द, एजे. एकेक अक्षर आठवतं. चहा उतू गेला तेही.

मी हसलो. म्हटलं, “डॉक्टर म्हणाली सिगरेट सोड. जेज्दे, तुम्ही तर तीही ओढत नाही, तुम्हाला काय सोडायला सांगू? एजेला?”

ते हसले गं. सुटल्यासारखे हसले. मग म्हणाले, “तू म्हणतोस तर झालं. बुरुल म्हणते, ओरोजला मी वाढवलाय, त्याला खोटं बोलता येत नाही.” आणि मशीन उचललं. त्या दिवशी मशीन त्यांनीच धरलं, माझी पाळी असताना. म्हणाले, तुझ्या छातीत थंडी आहे, तू बाहेर बस.

का, ते आता सांगतो. शिरेचं सोनं हे कारण मी तुला मागेच लिहिलं, पण खरं कारण ते नव्हतं. लोभाची लाज वाटते, पण लिहिता येते.

माझा निकाल ओशला लागला होता. मी मरणार होतो. परतीच्या बसमध्ये मी एवढंच पाहत होतो की जेज्दे मेंढ्या राखतायत, मामासाली म्हातारा होतोय, कामची नातवंडं खेळवतोय, आणि मी एकटा भिंतीला टेकून धापा टाकतोय, आणि ते तिघं मला भेटायला येतायत, खरबूज घेऊन. ते मला सोसलं नाही. मला एकट्याला जायचं नव्हतं. एवढंच होतं. याहून मोठं काही नव्हतं.

आणि झालं काय बघ. ते तिघं आधी गेले आणि मी एकटाच राहिलो.

माफी मागत नाही. ती द्यायचा विचारही मनात आणू नकोस, तुझं ओझं वाढेल. तिलेकला बोलावून घे म्हणायची सोय नाही, रशिया त्याला घेत नाही. तू ये म्हणायचा मला हक्क नाही. काही सांगण्यासारखं उरलंय का म्हणून सकाळपासून बघतोय. नाही उरलं.

ओरोजमात


साय-बुलाक, १९ जानेवारी २०१७

आई,

तायके नऊ तारखेला गेले हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू “बरं” म्हणालीस आणि फोन ठेवलास. म्हणून लिहितोय. खिंड उघडली, जापार उद्या निघतोय. सोबतचं पत्र त्यांच्या गादीखाली होतं. मी वाचलं. चुलीपर्यंत गेलो होतो. सोनुन मामी म्हणाली, “ते तुझ्या नावाचं नाही.” मग बंद केलं.

शेवट सकाळी झाला, वीज होती, यंत्र चालू होतं. यंत्रातून हवा येत होती, पण ती घ्यायला आत जागाच नव्हती. मी त्यांना पाठीमागून धरून बसलो होतो. बोलायला फुरसत नव्हती, सगळी मेहनत श्वासाला लागत होती. नंतर यंत्र बंद करायचं कुणालाच सुचलं नाही, दुपारपर्यंत ते तसंच घरघरत होतं.

जमीन दोन हात खोल गोठली होती. कुदळ उडून परत यायची. संध्याकाळच्या आत पुरायचं होतं, म्हणून शेवटी जोल्दोशने वरून कॉम्प्रेसर आणि मशीन खाली आणलं आणि आम्ही कबर मशीनने खणली. दुखवट्याच्या तंबूत बायका विलाप करत होत्या त्यांना एकमेकींचा सूर ऐकू येईना. आनारकान बाहेर येऊन ओरडली, “बंद करा ते! मेल्यावर तरी बंद करा!” पण खड्डा अर्धा झाला होता. पूर्ण करून मग बंद केलं.

गाव आलं होतं सगळं. मला वाटलं होतं, त्यांनी जे केलं ते कळल्यावर येणार नाहीत. मी लपवलं नव्हतं, सांगितलं होतं सगळ्यांना. तरी आले. कामचीचा मोठा भाऊ आला, त्याने मूठभर माती टाकली. मी पण टाकली. तू असतीस तर टाकली असतीस का, ठाऊक नाही. मला मन लावून टाकता आली नाही, नुसती टाकली.

यंत्र दुसऱ्या दिवशी जोल्दोशकडे गेलं. त्याने नको नको म्हटलं, तायक्यांसारखंच. त्याच्या बायकोने घेतलं.

आता माझं. मंगळवारी मी ओशला जाऊन आलो. गुलसानाने अन्नपाणी सोडायची धमकी दिली होती. ती पांढऱ्या केसांची डॉक्टरीण आता तिथे नाही, दुसरी तरुण आहे. तिने फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाली, “अजून स्वच्छ आहे. चारच महिने झालेत म्हणून. आता थांबलास तर म्हातारा होशील. नाही थांबलास तर पाच वर्षं, फार तर सात.” तायक्यांना मिळाला होता तसाच कागद लिहून दिला. मी खिडकीतून टाकला नाही.

परत आलो तेव्हा टोळी वाट बघत उभी होती. आठजण. मी कागद काढून मोठ्याने वाचून दाखवला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, काही न गाळता. पाच वर्षं म्हणाली तेही, सात म्हणाली तेही. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. एकाने सात हा आकडा पुन्हा विचारला, मी पुन्हा वाचला. मग कुणीतरी म्हणालं, सोमवारी हवा बरी आहे, वरचा रस्ता मोकळा होईल. कुणीच ‘नाही’ म्हणालं नाही. मी पण ‘नाही’ म्हणालो नाही.

जोल्दोशच्या जागी मशीन मी धरणार आहे. सोमवारी सकाळी आठला ट्रक येतो.

तू एक्स-रे काढलास का, तेवढं जापारपाशी सांग.

तुझा,
तिलेक